सेलोचं शेत

मासेलो नवी नवरी होऊन त्लापानेंग गावात आली, तेव्हा सासरच्या घरापासून झऱ्यापर्यंतच्या वाटेवर एकही घर नव्हतं. नुसतं गवत होतं आणि गवतात दडून बसलेले तितर. आता त्याच वाटेनं पाणी आणायला निघालं, तर किती चुलींचा धूर डोळ्यांत जाई आणि किती घरांची पोरं पायांत घुटमळत याला गणती नव्हती. दगडी भिंतींची, गवताच्या छपरांची गोल घरं खालून वर सरकत सरकत डोंगराच्या उतारावर पोचली होती. पूर्वी तिथं गुरं चरत. आता गुरांना चरायला डोंगरापलीकडे न्यावं लागे, आणि ती हाडं वर आलेली परत येत.

ज्या वर्षी तिचं लग्न झालं त्या वर्षी सासरी एक मयत झालं होतं. म्हणून सासूनं नव्या सुनेचं नाव ठेवलं मासेलो, म्हणजे सेलोची आई. सेलो म्हणजे आक्रोश. मूल अजून पोटातही नव्हतं, पण त्याचं नाव आणि तिचं आईपण दोन्ही त्याच दिवशी ठरून गेलं. त्याच वर्षी शेजारच्या घरात आलेली नवरी झाली मालेबेको. तिचा लेबेको मात्र फार उशिरा झाला. आधीची सगळी गेली.

तेव्हा बाळं यायची तशी जायची. देवी, डांग्या खोकला, हगवण. मासेलोची सेलोमागची सगळी गेली, सेलो एकटा राहिला. पुढे मिशनच्या दवाखान्यातली नर्स घोड्यावर बसून गावोगाव सुई टोचायला येऊ लागली आणि मग आलेली बाळं राहू लागली. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. मासेलो स्वतः शेजारणींची बाळं पोत्यात धरल्यासारखी घट्ट धरून सुईपुढे करायची आणि त्यांच्या लाथा खायची. फक्त एक गोष्ट तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नाही. राहिलेली बाळं मोठी होतात, लग्न करतात, आणि शेत मागतात.

इंग्रजांच्या अमलातल्या त्या डोंगराळ देशात, बासुटोलँडात, जमीन कुणा एकाची नसे. गावचा प्रमुख, म्हणजे मोरेना, लग्न झालेल्या पुरुषाला ती नेमून देई. तो कसेल तोवर त्याची. गाव सोडून गेला, घर टाकलं, की शेत मोरेनाकडे परत आणि मोरेनाकडून दुसऱ्याला. मासेलोच्या सासऱ्याला तीन शेतं मिळाली होती. तिच्या नवऱ्याला दोन. सेलोचं लग्न झालं तेव्हा मोरेनानं डोकं खाजवून खाजवून एक काढलं. त्याच्यानंतरच्या पोरांना तेही नाही.

सेलोला मिळालं ते शेत मात्र चांगलं होतं. झऱ्याच्या खालच्या अंगाला, काळ्या मातीचं. मासेलोच्या नवऱ्याच्या दोन शेतांपैकी एक घळीनं खाल्लं होतं. दर पावसाळ्यात घळीची कड ढासळे आणि ज्वारीची एखादी ओळ मुळांसकट खाली जाई. दुसरं उरलं होतं तेही घळीच्या वाटेवरच होतं. नवरा कधीच वारला होता. घरात मासेलो, सून माथुसो आणि तीन नातवंडं. एवढी तोंडं जगत होती ती सेलोच्या शेतावर.

सेलो मात्र तिथं नव्हता. थुसो, त्याचा थोरला, रांगायला लागला तेव्हा तो जोहान्सबर्गच्या बाजूला सोन्याच्या खाणीत गेला. सगळेच जायचे. वर्ष भरलं की परत यायचे, घोंगडी, कंदील आणि खोकला घेऊन. सेलो दोनदा आला. तिसऱ्या वेळी आला नाही. पैसे आले काही दिवस, मग तेही थांबले. मधल्या काळात माथुसोला आणखी दोन मुलं झाली. ती कशी झाली हे कुणी विचारलं नाही. लग्नात ज्या घरची गुरं सुनेच्या माहेरी गेली, मूल त्या घरचं, असा तिथला कायदा. त्यामुळे दिनेओ आणि धाकटा हेही सेलोचेच. नसलेल्या बापाचं घर असं वाढत होतं.

त्या वर्षी सुगी संपली आणि मोरेनानं सभा बोलावली. पुढच्या वर्षी इंग्रज जाणार, देश आपला होणार, अशी हवा होती. राजधानीहून, मासेरूहून, कुणी ना कुणी भाषण द्यायला येऊन जाई. पण सभेत त्याबद्दल कुणी बोललं नाही. शेताशिवाय लग्न झालेले तरुण पुढच्या रांगेत बसले होते, टोप्या गुडघ्यांवर ठेवून, आणि त्यांच्याकडे बघायला म्हाताऱ्यांना जड जात होतं. एकानं विचारलं की स्वातंत्र्य आलं म्हणजे आम्हाला काय मिळणार. मागून कुणीतरी म्हणालं, झेंडा मिळेल, अंगणात पेर. लोक हसले आणि लगेच गप्प झाले.

मोरेना थकलेला माणूस होता. त्यानं फार लांबण लावली नाही. "बायका बाळंत होतात," तो म्हणाला. "जमीन बाळंत होत नाही. मी कुठून आणू?" मग त्यानं निर्णय सांगितला. जे पुरुष खाणीकडे गेले आणि ज्यांचा वर्षानुवर्षं पत्ता नाही, ते गाव सोडून गेले असं धरलं जाईल. नांगरणीच्या आत ते येऊन शेतात उभे राहिले तर ठीक. नाहीतर ती शेतं इथं असलेल्यांना जातील. विधवांच्या शेताला हात लागणार नाही, एवढं त्यानं शेवटी म्हटलं. मेलेल्या माणसानं काही गाव सोडलेलं नसतं.

आणि सेलोचं शेत कुणाला जाणार हेही सगळ्यांना ठाऊक होतं. रांगेत सर्वांत पुढे लेबेको होता, मालेबेकोचा मुलगा. बायको, तीन मुलं, आणि शेत म्हणावं असं काही नाही. दुसऱ्यांच्या शेतात अर्धलीनं राबायचा. मोरेनानं त्याला आदल्या हिवाळ्यातच सांगून ठेवलं होतं की पहिलं मोकळं होईल ते तुझं.

सभेहून परतताना मालेबेको मासेलोच्या बरोबरीनं चालली. वयानं दोघींचे गुडघे सारखेच कुरकुरत होते. ती म्हणाली, तुला राग तर नाही ना आला, माझा मुलगा काही मागायला गेला नव्हता. मासेलो म्हणाली, राग कशाचा. आणि खरंच तिला राग नव्हता. लेबेको जन्मला तेव्हा त्याची नाळ तिनंच कापली होती.

दुसऱ्या दिवशी मासेलोनं पाव भाजला. चुलीवरच्या लोखंडी भांड्यात, वर निखारे ठेवून. दिनेओ शेजारी बसली होती. मिशनच्या शाळेत जायची, आणि तिथं न मिळालेल्या उत्तरांसाठी घरी यायची. तिनं विचारलं, "आजी, मोरेना नवीन शेतं का करत नाही?"

मासेलोला पोरांच्या प्रश्नाचा कधी कंटाळा येत नसे. तिनं पाव काढून पाटावर ठेवला. म्हणाली, "हे त्लापानेंग. हा पाव तुझ्या खापरपणजोबांना मिळाला. त्यांना मुलगे दोन जगले. काप."

दिनेओनं कापला.

"त्यांतल्या एकाला तीन. काप. आता त्या तिघांतला हा माझा नवरा, त्याचा एकटा सेलो, सेलोचे मुलगे दोन. काप."

दिनेओनं कापला तेव्हा तुकडा बोटाएवढा झाला आणि चुरा पडू लागला. तिनं तो हातात धरला आणि म्हणाली, "मग दुसरा पाव भाजायचा."

"पीठ कुठंय?"

दिनेओनं चहूकडे पाहिलं, दारातून डोंगराकडेही पाहिलं. मग तिनं चुरा वेचून धाकट्याच्या तोंडात घातला, कारण तो कधीपासून आ करून बसला होता. मासेलोला हसू आलं आणि तिनं तोंड फिरवलं. पोरीला तिनं एवढंच सांगितलं नव्हतं, की हातातला तो बोटाएवढा तुकडाही आता जाणार आहे.

खरं तर मासेलोला ठाऊक होतं की सेलो जिवंत आहे.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावचा एक माणूस खाणीतून परत आला होता. दळणाच्या गिरणीपाशी तो तिला भेटला आणि जरा बाजूला घेऊन त्यानं सांगितलं. जोहान्सबर्गजवळ जर्मिस्टनमध्ये सेलो दिसला. खाणीत नाही, कुठल्याशा कारखान्यात आहे. वस्तीत खोली आहे, बाई आहे, मुलं आहेत. हाक मारली तर त्यानं मान फिरवली. मासेलोनं त्याचे आभार मानले, पिठाचं पोतं डोक्यावर घेतलं आणि घरी आली. कुणाला काही बोलली नाही. मुलगा जिवंत आहे एवढं तिला पुरलं होतं. कधी ना कधी दमेल, म्हातारा होईल, आणि येईल. यायला त्याचं शेत असलं पाहिजे, म्हणून ती दरवर्षी बैल उसने मागून ते नांगरून घ्यायची. "सेलोचं शेत" असंच म्हणायची. माथुसोही तसंच म्हणायची.

आता मात्र शेत राहायचं असेल तर सेलो नुसता निघून गेलेला असून चालणार नव्हतं, सेलो मरायला हवा होता. हे तिच्या मनात पहिल्यांदा आलं तेव्हा ती ज्वारी पाखडत होती. सूप तिच्या हातात तसंच राहिलं.

चार-पाच दिवस तिनं तो विचार ढकलला. मग एका दुपारी पोरं बाहेर असताना तिनं सुनेला सांगितलं की मला स्वप्न पडलं. तुझे सासरे आले होते, म्हणाले, सेलो आमच्याकडे आलाय.

माथुसो भिंतीला शेणमाती लिंपत होती. तिनं हात थांबवले नाहीत. "सासरे कसे दिसत होते?" तिनं विचारलं.

"होते तसेच."

"आणि तो?"

माथुसोनं बोटांनी ओल्या मातीवर नक्षी ओढली, मागे होऊन पाहिली, आणि मग शांतपणे म्हणाली, "आई, तुम्हाला गिरणीवर ज्यानं सांगितलं त्यानंच मला झऱ्यावर सांगितलं. मला कळलं ते मी तुमच्यापासून लपवलं. तुम्हाला कळलं ते तुम्ही माझ्यापासून. आता तिसऱ्या कुणाला कळता कामा नये."

मासेलो खाली बसली. मग ती म्हणाली, "तुला काळं कापड घालावं लागेल. केस काढावे लागतील."

"केस वाढतात." माथुसो हात धुवायला उठली. दारातून वळून म्हणाली, "इतकी वर्षं मी कोण होते, आई? नवरा असलेली नाही, नसलेलीही नाही. निदान आता लोकांना मला काय म्हणायचं ते तरी कळेल." आवाज तिचा साधाच होता. पण हात धुवायला तिला फार वेळ लागला.

चावडीत मासेलोनं स्वप्न सांगितलं. पुरुष दगडी आडोशाच्या आत बसले होते, बायका बाहेरच्या अंगाला. तिनं थोडक्यात सांगितलं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसानं थोडक्यात बोलावं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. नवरा आला, घोंगडी पांघरलेला, म्हणाला, मुलगा माझ्याकडे पोचला, तुम्ही अजून रडला कसे नाहीत, तो उघड्यावर बसून आहे.

पूर्वज येऊन बोलले तर त्यांना साक्षीदार आणा म्हणता येत नाही. मिशनमध्ये जाणारे होते, त्यांनीही जमिनीकडे पाहिलं. तेवढ्यात बायकांतून मालेबेकोचा आवाज आला. "स्वप्नांनाही नांगरणीची वेळ कळते म्हणायची."

मोरेनानं तिला गप्प केलं नाही. त्यानं मासेलोकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. तिनं डोळे खाली घातले नाहीत. मग त्यानं लेबेकोकडे पाहिलं. लेबेको टोपीच्या गवताची एक काडी सुटली होती ती आत खोचत होता.

"स्वप्नाला मी उलट प्रश्न विचारू शकत नाही," मोरेना म्हणाला. "सेलोला पुरा. शेत त्याच्या विधवेचं आहे."

पुरायला सेलो नव्हता, त्याची घोंगडी होती. पहिल्या खेपेला खाणीतून आणलेली, तपकिरी, कडेला पिवळे पट्टे. बैल कापायला हवा होता, पण बैल कुठला, मेंढी कापली. तिच्या कातड्यात घोंगडी गुंडाळली. गोठ्याजवळ खड्डा खणला. रीत अशी की मेलेल्याच्या हाती बी द्यायचं, म्हणजे पलीकडे गेल्यावर त्याला पेरता येईल. ज्वारी, मका, भोपळ्याच्या बिया. मासेलोनं त्या घोंगडीच्या घडीत ठेवल्या. खणणाऱ्यांपैकी एक म्हातारा पुटपुटला, तिकडं अजून मोकळी जमीन आहे म्हणतात बुवा. त्याला कुणी हसलं नाही, पण रागावलंही नाही.

माथुसोचे केस काढले. मुलांचे काढले. थुसो गुरांमागून आला होता, मोठा होत चाललेला, तो डोकं पुढं करून गुमान बसला. दिनेओ रडली. धाकटा, ज्यानं सेलोला कधी पाहिलं नव्हतं आणि सेलोनं ज्याला नाही, तोही बहिणीचं बघून रडला. मासेलोच्या डोक्यावरून पातं फिरलं तेव्हा डोंगरावरचा वारा थेट कातडीला लागला. ती त्या मातीच्या ढिगाकडे बघत होती आणि तिच्या मनात एकच गोष्ट येत होती, की आता तो दमला, म्हातारा झाला, यावंसं वाटलं, तरी त्याला येता येणार नाही. आला तर पोरं घाबरून घरात पळतील. मोरेना विचारेल, मग आपण काय पुरलं? शेत जाईल. माथुसो खोटी ठरेल. आईनं स्वतः त्याच्या वाटेवर दगड रचले होते.

लोकांनी मांस खाल्लं, ज्वारीची दारू प्यायली आणि गेले. मालेबेको आली होती. कोपऱ्यात बसली, रीत म्हणून थोडं खाल्लं, आणि जाताना माथुसोचा हात धरला, मासेलोचा नाही. त्या दिवसापासून ती झऱ्यावर वेगळ्या वेळी येऊ लागली. मासेलो घागर घेऊन निघाली की मालेबेको वरच्या वाटेनं परत चाललेली असे. पाठ दिसे फक्त.

पीचची झाडं फुलली, जमीन जरा मऊ झाली, आणि गावभर बातमी आली की लेबेकोनं भरतीच्या कचेरीत अंगठा दिला. मंगळवारच्या बसनं मासेरू, तिथून गाडीनं खाणीकडे. मासेलो ते ऐकून घरात आली आणि पिठाच्या मडक्यापुढे नुसती उभी राहिली. माथुसोनं विचारलं काय झालं. ती म्हणाली, काही नाही. माथुसोलाही कळलेलंच होतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

मंगळवारी उजाडताच मासेलो डोंगराच्या खिंडीकडे निघाली. खिंडीपलीकडे दुकानाशी बस थांबे. लेबेको एकटाच येत होता, खांद्यावर बोचकं, अंगावर घोंगडी. बायकोला आणि पोरांना त्यानं घरूनच निरोप दिला होता. तिला बघून तो थांबला. "मावशी, एवढ्या लवकर?"

"तुझ्याबरोबर चालते थोडं."

ते चालले. तिला दम लागत होता म्हणून तो हळू चालत होता, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला ते सहन होईना. खिंडीच्या माथ्यावर ती उभी राहिली आणि म्हणाली, "लेबेको, सेलो जिवंत आहे."

त्यानं बोचकं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"स्वप्न नव्हतं पडलं. जर्मिस्टनमध्ये आहे तो. बाई आहे, मुलं आहेत. मला दोन वर्षं माहीत आहे. शेत तुझं होतं." तिनं खाली गावाकडे हात केला. चावडीशी नुकता धूर निघत होता. "मोरेना बसला असेल आता. तू परत जा, मी मागून येते. विचारलं तर नाही म्हणणार नाही."

लेबेकोनं बोचकं खाली ठेवलं. दगडावर बसला. खाली त्लापानेंग सगळं दिसत होतं, छपरांना छपरं लागलेली, आणि मध्ये शेतांच्या चिंचोळ्या पट्ट्या, आणि घळ, लाल, उघडी. झऱ्याखालची काळी जमीन ओळखू येत होती. तिच्यावर कुणाचे तरी उसने बैल चालत होते.

"माथुसोताईला माहीत आहे?" त्यानं विचारलं.

"आहे."

"पोरांना?"

"नाही."

त्यानं खालच्या बैलांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी आज परत गेलो, तर थोड्या वर्षांनी थुसो या वाटेनं येईल. नाही गेलो, तरी येईल. त्याचं लग्न झाल्यावर मोरेना त्याला कुठलं शेत देणार? एका शेतात ते दोघं भाऊ, त्यांच्या बायका, पोरं." त्यानं पायानं एक खडा ढकलला. "माझा थोरला आहे, थुसोपेक्षा लहान. तोही येईल. कुणी आधी यायचं एवढंच आपण भांडतोय, मावशी."

"तरी पण ते तुझं होतं."

"होतं." तो उठला. राग त्याच्या चेहऱ्यावर होता, तो त्यानं लपवला नाही. "माझ्या आईला सांगू नका. तिला रागावायला कुणीतरी लागतं. तुम्ही आहात म्हणून ती माझ्यामागून रडत आली नाही."

मासेलोनं मान हलवली. मग ज्यासाठी ती खरं तर आली होती ते तिनं बोलून टाकलं. "जर्मिस्टनला तो तुला दिसला, तर त्याला सांग. म्हणावं, आईनं सांगितलंय, येऊ नकोस. तुला आम्ही पुरलंय. तुझी पोरं तुझ्या मरणावर जेवतात. कधीच येऊ नकोस म्हणावं."

लेबेकोनं बोचकं उचललं होतं, ते पुन्हा खाली ठेवलं. "नाही," तो म्हणाला. "शेत घेतलंत, ते घ्या. पण हा निरोप मी नाही नेणार. जिवंत माणसाला त्याच्या आईचा असा निरोप देताना माझी जीभ झडेल. दुसरं काही असेल तर सांगा."

दुसरं काही. मासेलोनं तोंड उघडलं. इतक्या वर्षांत त्याला काय काय सांगायचं तिनं ठरवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. दुकानापाशी बसचा भोंगा वाजला.

"तुला तो आठवतो का?" एवढंच ती म्हणाली.

"आठवतो. गुरांमागे जाताना मला खांद्यावर घ्यायचा. नदीला पाणी असलं की." लेबेको उतरायला लागला. मग थांबून, मागे न बघता म्हणाला, "दिसला तर मी त्याला हाक मारीन. मान फिरवली तरी परत मारीन."

तो पळत उतरला. बस धुरळा उडवत निघाली, वळणावर एकदा दिसली, मग नाहीशी झाली. आणि मग मासेलोला एकामागून एक सगळे निरोप आठवू लागले. छातीत दुखतं का रे अजून, थंडीत दुखायचं ते. तिकडच्या मुलांची नावं काय ठेवलीस. एखादीचं माझ्यावरून ठेवलंस का. दिनेओ फार हुशार आहे. घोंगडी अंगावर राहू दे. ती ते मोठ्यानं बोलत होती हे तिच्या ध्यानात आलं नाही, आणि रडत होती हेही.

खिंडीच्या अलीकडे, वाटेपासून जरा वर एका खडकाआड मालेबेको बसलेली होती. घरी निरोप देऊन झाला होता, पण तिला राहवलं नव्हतं. मुलाला दिसू नये अशी ती लपून बसली होती. तिथून बोलणं ऐकू येण्यासारखं नव्हतं, दोन माणसं उभी असलेली तेवढी दिसत होती. मासेलो जवळ आली तेव्हा तिनं उठायला हात पुढे केला. सवयीनंच केला असावा. मासेलोनं तो धरून तिला उभं केलं.

दोघी गावाकडे उतरू लागल्या. बराच उतार झाल्यावर मालेबेकोनं विचारलं, "काय म्हणालीस त्याला?"

मासेलोनं पदरासारखं घोंगडीचं टोक डोळ्यांना लावलं.

"थंडीत घोंगडी अंगावर राहू दे, म्हटलं."

"हं," मालेबेको म्हणाली. "मी पण तेच म्हटलं."